एकशे दहा अंश

४ मार्च, बुधवार

प्लास्टर निघालं. आतला पाय माझा वाटत नाही. बारीक, पांढरट, दुसऱ्याच कुणाचा तरी.

हाडांचे डॉक्टर म्हणाले, गुडघ्याची वाटी छान जुळली आहे, आता वाकवायला लागा. किती वाकवायचं ते फिजिओबाई सांगतील.

दुपारी साहेबांचा फोन. १७ एप्रिलला फिटनेस टेस्ट. गुडघा एकशे दहा अंश वाकला पाहिजे, आणि वर्कशॉपमधल्या लिफ्टच्या शाफ्टमध्ये शिडीने पिटात उतरून परत वर यायचं. जमलं तर फील्डवर. नाही जमलं तर टेबल. टेबल म्हणजे तळमजल्यावरचा तक्रारींचा फोन. तिथल्या टेलिफोनबाई एप्रिलअखेर रिटायर होत आहेत, हे साहेबांनी सहज सांगितलं. साहेब सहज काही सांगत नाहीत.

हरकत नाही. सहा आठवडे आहेत. बावीस वर्षं अशा पिटांत, लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यांत, उतरलो आणि केबिनच्या टपावर उभा राहिलो. सात पायऱ्यांच्या शिडीचं काय एवढं.

संकल्प: व्यायाम दिवसातून तीनदा. डायरी रोज. स्टुलाचा विषय घरात कुणीही काढायचा नाही.

५ मार्च, गुरुवार. सकाळी ९

बायको शाळेत. ती गणित शिकवते. घरात आई आणि मी.

आमच्या बिल्डिंगची लिफ्ट दुसऱ्या कंपनीकडे आहे. तिसऱ्या मजल्यावर थांबताना 'टक्' वाजते. सहा वर्षांत कधी ऐकू आलं नव्हतं. आज एका तासात एकोणीस वेळा आलं.

पान्याला तीन फोन केले. पाना माझा जोडीदार. मागच्या खिशात कायम पाना, म्हणून पाना. अकरा वर्षं बरोबर काम करतोय. एक जण केबिनच्या टपावर, दुसरा वर मशिनरूममध्ये. पहिल्या फोनवर त्याला बँकेच्या बिल्डिंगमधल्या लिफ्टच्या अडकणाऱ्या दाराबद्दल सांगितलं. दुसऱ्यात तेच नीट सांगितलं. तिसरा त्याने उचलला नाही. कामात असेल.

सकाळचा व्यायाम राहिला. दुपारच्यात धरतो.

दुपारी ४

संध्याकाळी तिन्ही एकदम.

६ मार्च, शुक्रवार

फिजिओबाई. वय माझ्या धाकट्या मेव्हणीएवढं, आवाज हेडबाईंचा. गुडघ्याला कोनमापक लावला. पंचावन्न अंश. मी विचारलं, ह्याचं कॅलिब्रेशन कधी झालं होतं? त्या म्हणाल्या, हे प्लास्टिकचं आहे. मी म्हटलं, म्हणूनच विचारतो.

व्यायाम साधा आहे. पाठीवर झोपायचं, टाच गादीवरून घासत बुडाकडे ओढायची. तीस वेळा, दिवसातून तीनदा. शिवाय हृदयासाठी वीस मिनिटं काहीतरी. दुखेल, म्हणाल्या. दुखू द्यायचं.

बायकोला पंचावन्न सांगितलं. ती पेपर तपासत होती. मान वर न करता म्हणाली, म्हणजे लघुकोन. एकशे दहा विशालकोन. वाटेत काटकोन लागतो.

८ मार्च, रविवार

आज व्यायाम केला. सोळा. सतराव्याला आतून आवाज आला. दुखलं असं नाही. आवाज आला. मशिनमधून असा आवाज आला की आम्ही आधी मशिन बंद करतो, मग विचार करतो. बंद केलं.

आई पलीकडच्या पलंगावर तिचे व्यायाम करते. दोन वर्षांपूर्वी दोन्ही गुडघे बदलले. वय शहात्तर. मोठ्याने मोजते. तिला म्हटलं, मनात मोज. म्हणाली, मनात मोजणारा दहानंतर एकदम वीस म्हणतो.

हे कुणाला उद्देशून होतं, कळलं नाही.

९ मार्च, सोमवार

गॅलरीत पाच फेऱ्या. घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. बायकोच्या कपाटाचं दार आता आपोआप उघडतं.

मुलीचा हॉस्टेलवरून फोन. आईने तिच्याकडे तक्रार केली असणार. म्हणाली, बाबा, माझं गेमचं यंत्र कपाटात आहे, ते खेळा, एका जागी बसाल. टीव्हीला कसं जोडायचं ते समजावायला लागली. बारा मजली बिल्डिंगचं पॅनेल ज्याने एकट्याने जोडलं त्याला. मी फोन ठेवला.

एक तास पन्नास मिनिटं लागली. जोडणी बरोबर होती. टीव्हीचं बटण भिंतीवर बंद होतं.

गेममध्ये एक बाई आहे. लांब वेणी, दोन आखूड तलवारी, पायांत काही नाही. समुद्रात एक पडका मनोरा. सात मजले. वरचा दिवा विझलाय, तो तिने जाऊन लावायचा. वाटेत उड्या, दगडी पहारेकरी, आणि कोडी. पाणी कुठून कुठे सोडायचं, कुठला दांडा आधी ओढायचा. पोरखेळ. पंधरा मिनिटं बघून ठेवून देणार.

संध्याकाळी ६

पहिला मजला झाला.

११ मार्च, बुधवार

महत्त्वाचं. कुठेतरी वाचलं आहे की नुसतं हालचालीकडे एकाग्रतेने पाहिलं तरी मेंदूत तीच हालचाल घडते. नसा शिकतात.

ही बाई प्रत्येक उडीनंतर पूर्ण गुडघ्यात बसून उठते. मी आज मोजलं. दोनशे दहा वेळा. एकाग्रता माझी होती, बटण मीच दाबत होतो. त्यातले निम्मे मला धरायला कुणाची हरकत नसावी. म्हणजे एकशे पाच. मला सांगितले होते नव्वद.

म्हणजे पंधरा जास्तच झाले. उद्या सकाळी विश्रांती.

१३ मार्च, शुक्रवार

चौसष्ट. प्रगती आहे.

फिजिओबाईंना नसांचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, सतरा तारखेला पिटात ती बाई उतरणार आहे का?

ह्या क्षेत्रातले लोक नवीन विचार आत येऊ देत नाहीत.

१६ मार्च, सोमवार

तिसरा मजला. पहारेकरी. मी तलवार चालवत नाही, फक्त वार अडवतो. अडवत राहिलं की समोरचा कधीतरी थकेल असा माझा हिशेब. तो दगडाचा आहे हे लक्षात यायला अकरा मिनिटं गेली. आई जपमाळ बाजूला ठेवून बघत होती. तिने विचारलं, ह्या दोघांचं भांडण कशावरून आहे?

शेवटी गेममधल्या बाईला मागे न्यायला गेलो, तिचा धक्का कठड्याला लागला आणि कठडा पहारेकऱ्यासकट खाली गेला. डावपेच यशस्वी.

नाडी मोजली. शहाण्णव. हृदयाचा व्यायाम झाला.

१८ मार्च, बुधवार

पाना भेटायला आला. संत्री आणली. बँकेच्या बिल्डिंगमधलं दार त्याने दुरुस्त केलं. मी सांगितलं होतं तसं नाही, दुसरंच काहीतरी करून. मी त्याला सांगितलं की ते आठवड्यात पुन्हा अडकेल. तो म्हणाला, दहा दिवस झाले.

त्याच्याबरोबर सध्या दुसऱ्या डेपोतला एक जण दिला आहे. पन्नाशीचा, अनुभवी. पाना त्याच्याबद्दल वाईट बोलला नाही. एवढंच म्हणाला की तो हाक मारत नाही.

आमची पद्धत अशी. काम चालू असेपर्यंत टपावर जो असेल त्याच्या खिशात फ्यूज, म्हणजे चुकून वीज येत नाही. मशिनरूममधल्याने वीज चालू करण्याआधी 'हात?' असं ओरडायचं, टपावरच्याने 'काढले' म्हणायचं. अकरा वर्षांत एकदाही चुकलं नाही. भांडण झालेलं असतानाही नाही. नवा माणूस म्हणतो, एवढा आरडाओरडा कशाला, मला दिसतंय की.

जाताना पाना दारात थांबला. म्हणाला, "तू वाकव रे तो गुडघा."

मी म्हटलं, चौसष्ट झालाय. त्याला ते जास्त वाटलं की कमी, कळलं नाही.

त्याच्यासमोरच व्यायामाला बसणार होतो. तो गेल्यावर बसायचं ठरवलं. मग पाचवा मजला अगदी समोर दिसत होता.

२० मार्च, शुक्रवार

एकाहत्तर. बायको म्हणाली, काटकोनाला एकोणीस कमी. तिच्या विषयात तिला प्रत्येक गोष्ट कमीच दिसते.

२३ मार्च, सोमवार

सहावा मजला. थांबलो आहे.

इथे लिफ्ट आहे. लाकडी फळी, चार साखळ्या, पलीकडे काउंटरवेट म्हणून दगड. बाजूला एक दांडा. गेमची अपेक्षा अशी दिसते की बाईने फळीवर उभं राहावं, दांडा ओढावा आणि सातव्या मजल्यावर जावं.

पाहणी केली. साखळ्यांना गंज. फळीला कठडा नाही. ब्रेक कुठे दिसला नाही. दगड नुसत्या डोळ्यांनीसुद्धा बाईच्या दुप्पट वजनाचा दिसतो. दांडा ओढताच फळी वर सुटेल आणि ती छताला आपटेल. वर कोण आहे माहीत नाही, खाली कुणी नाही, हाक मारायची सोय नाही.

नामंजूर.

बाहेरच्या भिंतीवरून चढणार. पावसाच्या पाण्याच्या दोन दगडी पन्हळी आहेत. एकीवरून दुसरीवर उडी, तिथून कठडा, कठड्यावरून सातवा मजला. सरळ काम आहे.

२५ मार्च, बुधवार

अडतीस वेळा पडली. अंतर थोडं जास्त आहे.

'टक्' अजून वाजते. त्यांच्या कंपनीला फोन करून सांगितलं की तुमचा तिसऱ्या मजल्याचा स्विच सरकला आहे. त्यांनी नाव विचारलं. सांगितलं. हुद्दा विचारला. मी म्हटलं, रहिवासी.

२७ मार्च, शुक्रवार

चौऱ्याहत्तर. फिजिओबाईंनी विचारलं, रोज करता ना? मी म्हटलं, रोज. रोज ठरवतो हे खरं आहे, आणि ठरवणं हा करण्याचाच पहिला भाग आहे.

त्यांनी माझ्या उजव्या अंगठ्याकडे पाहिलं. त्याला फोड आला आहे. पट्टी बांधून दिली आणि अंगठ्याला विश्रांती द्यायला सांगितली. मी म्हटलं, कामात थोडं लागतंच.

३१ मार्च, मंगळवार

एकशे चौऱ्याऐंशी वेळा. मधली उडी आता जवळजवळ जमते. बोटं दुसऱ्या पन्हळीला लागतात. पकडत नाहीत, पण लागतात.

आईने जेवताना विचारलं, ती कवायतवाली त्या पाळण्यात का बसत नाही? मी तिला काउंटरवेट म्हणजे काय ते समजावलं. वाटी, चमचा आणि दोरा घेऊन दाखवलं. वीस मिनिटं. आई म्हणाली, बरं. मग म्हणाली, पण बसली तर काय होईल?

संध्याकाळी बायकोने पेपरांचा गठ्ठा बाजूला ठेवला. एरवी ती ठेवत नाही.

म्हणाली, "अहो, सतरा तारीख."

मी म्हटलं, लक्षात आहे.

ती म्हणाली, "तुम्हाला टेबल हवं असेल तर तसं सांगा. मला चालेल, आईंना चालेल. पण ते गुडघ्यावर ढकलू नका."

तिने पुन्हा गठ्ठा ओढला आणि कुणाला तरी दोन मार्क दिले.

शाळेतल्या माणसांना फील्ड कळत नाही. मला टेबल कशाला हवं असेल? बावीस वर्षं.

२ एप्रिल, गुरुवार

बायकोचं बोलणं डोक्यातून जात नाही. त्यामुळे एकाग्रता होत नाही. त्यामुळे आज साठ वेळा पडली. हे मी बायकोला सांगणार होतो. नाही सांगितलं.

३ एप्रिल, शुक्रवार

त्र्याहत्तर. मागच्या आठवड्यात चौऱ्याहत्तर होतं. हाड उलटं वाढत नाही, म्हणजे चूक मापात आहे.

घरी येऊन माझ्या हत्यारांच्या पेटीतला काटकोनी गुण्या आणि स्टीलची पट्टी लावून स्वतः मोजलं. एक्क्याऐंशी. पँट अंगावर होती, पण तेवढ्याने आठ अंशांचा फरक पडत नाही. बायकोला दाखवलं. तिने पट्टी सरळ धरली. सत्तर आलं. मी म्हटलं, तुझा हात हलला.

७ एप्रिल, मंगळवार

दहा दिवस उरले. आजपासून कडक. यंत्राची वायर काढून आईच्या उशीखाली ठेवायला दिली. दार लावून घेतलं. टॉवेल अंथरला. टाच ओढली.

एक. दोन. तीन. चार.

पाचव्याला ते स्टूल आठवलं. बल्ब हातात होता, आणि स्टूल पायाखालून नुसतं सरकलं. पडायला काही वेळच लागला नाही. बारा मजली शाफ्टमध्ये टपावर उभं राहून डबा खाल्लेला माणूस मी. पडलो दीड फुटावरून. स्वतःच्या हॉलमध्ये. खाली काय आहे हे माहीत असलेल्या जागी.

शिडीवरचा पाय वाकतो तेव्हा सगळं वजन एका गुडघ्यावर येतं. हे पूर्वी कधी जाणवलं नव्हतं.

आजचा व्यायाम: चार.

दुपारी ३

आईकडून वायर परत घेतली. बाकी काही नाही, तिची मान उंच होत होती.

१० एप्रिल, शुक्रवार

एकाहत्तर.

मी कोनमापकाबद्दल बोलायला सुरुवात केली. फिजिओबाईंनी तो माझ्या हातात दिला. म्हणाल्या, घरी घेऊन जा, हवा तर तपासून आणा. मग खुर्ची जवळ ओढून बसल्या. त्या बसून कधी बोलत नाहीत.

"तुम्ही घाबरलाय. सगळे घाबरतात. घाबरा, पण वाकवा."

मी त्यांना सांगितलं की मी बावीस वर्षं केबिनच्या टपावर उभा राहतो. त्या म्हणाल्या, उभं राहण्याचं मी विचारतच नाही.

कोनमापक आणला आहे. काटकोनाला काटकोन दाखवतो. तेवढ्याने काही सिद्ध होत नाही.

१२ एप्रिल, रविवार

'टक्'साठी त्यांचा मेकॅनिक आला. रविवारी. म्हणजे माझ्या फोनचा उपयोग झाला. काठी घेऊन बाहेर गेलो आणि त्याला तासभर मार्गदर्शन केलं. चांगला माणूस. शेवटी त्याने विचारलं, तुम्हाला आत घरी कुणी बोलावत नाही का?

घरी आलो तर आई टीव्हीसमोर. हातात कंट्रोलर. बाई सातव्या मजल्यावर.

मी विचारलं, कशी गेली? आई म्हणाली, पाळण्यात बसवली, दांडा ओढला, गेली. मी विचारलं, साखळी तुटली असती म्हणजे? तिने माझ्याकडे पाहिलं. "तुटली असती तर पुन्हा केलं असतं. तू रोज दोनशे वेळा पाडतोसच की तिला."

मग तिने चष्मा काढला, आडवी झाली आणि व्यायाम सुरू केले. एक, दोन, तीन. भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

तपासणी न करता वापरलेली लिफ्ट. हे यश धरता येणार नाही. यंत्रात आधीची नोंद जपलेली असते. ती उघडली. बाई पुन्हा सहाव्या मजल्यावर आणून ठेवली. आईला सांगितलं नाही.

१४ एप्रिल, मंगळवार. दुपारी २.१०

जमलं. चारशे सहाव्या वेळी. पहिली पन्हळ, दुसरी पन्हळ, कठडा. बोटांनी पकडलं, ती वर लोंबकळली, मग गुडघा पोटाशी घेऊन अलगद वर. इतका सुंदर वाकलेला गुडघा मी पाहिला नाही. घरात कुणी नव्हतं. आई भजनाला गेली होती. ती हल्ली काठीशिवाय जाते.

पान्याला फोन केला. म्हटलं, बाहेरून चढलो. तो घाबरला. त्याला वाटलं बिल्डिंगच्या. सगळं नीट समजावलं. तो म्हणाला, उद्याचा आणि परवाचा दिवस मध्ये, मग शुक्रवार आहे.

दुपारी ३

सातव्या मजल्याचं दार बाहेरून उघडत नाही. कडी आत आहे, लिफ्टच्या बाजूला. कठड्यावर उभं राहून आत दिवा दिसतो. तलवार मारून पाहिली. चढायला जागा दिली आहे, पण ती नुसती शोभेची आहे. असं बांधकाम करणाऱ्यावर कारवाई झाली पाहिजे.

संध्याकाळी ५

तीन दिवस आहेत. तीन दिवसांत माणूस काय करू शकत नाही.

१५ एप्रिल, बुधवार

यंत्र काढून खोक्यात घातलं. खोकं चिकटपट्टीने बंद केलं.

सहा आठवड्यांचा व्यायाम काढला तर साधारण साडेतीन हजार होतो. तीन दिवसांत भागला. आजचं उद्दिष्ट अकराशे. सकाळी सातला सुरू केलं. दुखलं. दुखू दिलं. दर पाचव्याला स्टूल आलं, येऊ दिलं. दोनशे चाळीसपर्यंत गेलो. आई पलीकडून मोजत होती. माझे. दोनशे पंधरानंतर तिने मोजायचं थांबवलं आणि म्हणाली, पुरे रे, आता पुरे.

हे सहा आठवड्यांपूर्वी केलं असतं तर, असा विचार आला. पण तेव्हा इतकी तयारी नव्हती.

१६ एप्रिल, गुरुवार

गुडघा पपनसाएवढा. बर्फ. फिजिओबाईंना फोन केला. त्यांनी आकडा दोनदा विचारला. म्हणाल्या, आज काहीही करू नका. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच मी त्यांचं तंतोतंत ऐकलं.

बायकोने उद्याची रजा टाकली. मी म्हटलं, गरज नाही. ती म्हणाली, माहीत आहे.

१७ एप्रिल, शुक्रवार

अडुसष्ट.

साहेब म्हणाले, आकड्याचं राहू द्या, शिडी बघू. साहेब वाईट माणूस नाही. पाना मुद्दाम आला होता. तो आधी पिटात उतरला आणि खालून शिडी धरली.

शाफ्टचा वास आला. ग्रीस आणि ओल. किती दिवसांनी.

चांगला पाय पहिल्या पायरीवर ठेवला. दुसरा खाली न्यायचा तर चांगला वाकतो, म्हणजे ते जमलं. मग चांगला खाली न्यायचा, म्हणजे हा वाकला पाहिजे. वाकेना. दोन्ही हातांनी शिडी धरली होती. लक्षात आलं की उजवा अंगठा शिडीच्या नळीवर आपोआप दाबला जातोय. पुन्हा पुन्हा. उडीचं बटण असतं त्या जागी.

खालून पाना म्हणाला, मी आहे. साहेब म्हणाले, सावकाश. बायको दाराशी उभी होती.

मी एकाच पायरीवर चार मिनिटं होतो. घड्याळ साहेबांच्या हातात होतं. मग मी म्हटलं, वर घ्या. पान्याने खालून ढकललं, बायकोने वरून धरलं.

पाना वर आला. त्याने मागच्या खिशातला पाना काढला, हातात फिरवला, परत ठेवला. सोमवारपासून तो आणि तो नवा माणूस कायमचे. मी त्याला सांगितलं, तू मात्र ओरडत जा. तो ओरडो न ओरडो. तू टपावरून विचार. पाना म्हणाला, विचारतो की.

घरी आलो. बायकोने चहा केला. म्हणाली, लघुकोनातही माणसं जगतात. बरं वाटावं म्हणून म्हणाली. मला ते विषयाला धरून वाटलं नाही.

२० एप्रिल, सोमवार

टेबल तात्पुरतं आहे. साहेबांनी 'सध्या' हा शब्द दोनदा वापरला. सहा महिन्यांनी पुन्हा टेस्ट मागता येते. सहा महिने म्हणजे पुष्कळ झाले. शिवाय इथे माझ्या अनुभवाचा उपयोग जास्त होईल. नुसत्या आवाजावरून मी बिघाड ओळखू शकतो.

सकाळी तसे चार ओळखले. टेलिफोनबाई महिनाअखेरपर्यंत बरोबर आहेत, शिकवायला. त्यांनी चष्म्यावरून बघत सांगितलं की बिघाड ओळखायचा नसतो. नाव, बिल्डिंग, मजला, वेळ लिहायची आणि म्हणायचं, माणूस निघाला आहे. एवढंच म्हणायचं, पण लगेच म्हणायचं. अडकलेल्याला तेवढंच हवं असतं.

११.४०. बँकेशेजारच्या बिल्डिंगमधल्या आजी. पाचव्या मजल्यावर राहतात, मी त्यांना बारा वर्षं ओळखतो. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये अडकल्या होत्या. त्यांनी माझा आवाज ओळखला. म्हणाल्या, बरं झालं बाई, तुम्हीच आहात, या लवकर. मी म्हटलं, माणूस निघाला आहे. त्या म्हणाल्या, माणूस कशाला, तुम्ही या ना.

मी गुडघ्याचं सांगितलं. पिटाचं, शिडीचं, टेस्टचं, सगळं. का सांगितलं कोण जाणे. टेलिफोनबाई बघत होत्या. पलीकडून केबिनच्या पंख्याची घरघर येत होती.

मग म्हणाल्या, "असू दे. सावकाश या. मी कुठे जातेय."

पाना अठरा मिनिटांत पोचला. रजिस्टरमध्ये 'माणूस' असा रकाना आहे. तिथे त्याचं नाव लिहिलं.